नारळीकर नेमकं कशावर संशोधन करत होते?

जयंत नारळीकरांचं नाव न ऐकलेला मराठी वाचक शोधूनच काढावा लागेल. कोणी शाळेत असताना त्यांच्या विज्ञानकथा वाचलेल्या असतात, कोणी पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत जाऊन व्याख्यान ऐकलेलं असतं, कोणाला ते २०२१च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून आठवतात. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं तेव्हा ‘हॉईल-नारळीकर सिद्धांत’ हे शब्द पुन्हा सगळीकडे आले आणि बऱ्याच ठिकाणी बातमी त्या शब्दांपाशीच थांबली. सिद्धांत गुरुत्वाकर्षणाचा आहे आणि मोठा आहे, इतकंच वाचकाला कळलं. तो म्हणतो काय आणि आज त्याचं स्थान काय, यावर फारसं कोणी बोललं नाही. बहुधा संकोचापोटी. कारण जगातल्या बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी तो सिद्धांत स्वीकारलेला नाही.

श्रद्धांजलीत ही गोष्ट टाळली गेली तर ते समजण्यासारखं आहे. पण नारळीकरांची कारकीर्द समजून घ्यायची तर हाच धागा हातात धरावा लागतो. जवळजवळ साठ वर्षं ते अल्पमतात राहिले आणि त्यांना त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही. दावा करायचा तर तो खोटा ठरू शकेल इतक्या स्पष्ट शब्दांत करायचा, आणि मग मोजायला बसायचं, ही त्यांची पद्धत. माझ्या मते लोकांसाठी त्यांनी केलेलं कामही याच पद्धतीतून आलं.

सुरुवातीचा भाग थोडक्यात सांगतो. जन्म १९ जुलै १९३८, कोल्हापूर. बालपण बनारसला, कारण वडील विष्णू वासुदेव नारळीकर तिथल्या हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. आई सुमती संस्कृतच्या जाणकार. घरात भिंतीवर फळे होते, आणि शिकायला येऊन राहिलेले मोरूमामा भाच्याला आव्हान म्हणून फळ्यावर एखादं गणित लिहून ठेवत. ते सुटेपर्यंत किंवा भाचा हार मानेपर्यंत फळा पुसला जात नसे. १९५७मध्ये नारळीकर केंब्रिजला गेले. १९५९मध्ये ट्रायपॉस या गणिताच्या परीक्षेत ते पहिले आले, म्हणजे सीनियर रँग्लर झाले. रँग्लर परांजप्यांना १८९९मध्ये मिळालेला तोच मान. पुढे पीएच.डी.साठी मार्गदर्शक मिळाले फ्रेड हॉईल, त्या काळातले ब्रिटनमधले बहुधा सर्वांत भांडकुदळ आणि सर्वांत कल्पक खगोलशास्त्रज्ञ.

आता मुख्य विषय. दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, एकमेकींपासून दूर जाताहेत आणि जितकी लांबची दीर्घिका तितका तिचा वेग जास्त, हे १९२९मध्ये एडविन हबल यांच्या निरीक्षणांतून दिसलं. विश्व प्रसरण पावतंय. मग काळात मागे मागे हिशेब करत गेलो, तर कधीतरी सगळं द्रव्य एका अतिघन, अतितप्त अवस्थेत असलं पाहिजे. तिथून विश्वाची सुरुवात झाली, हा महास्फोटाचा विचार. त्याला ‘बिग बँग’ हे नाव १९४९मध्ये बीबीसीच्या रेडिओवर बोलताना दिलं ते हॉईल यांनीच, आणि त्यांना स्वतःला तो विचार मुळीच मान्य नव्हता.

हॉईल, हर्मन बाँडी आणि टॉमी गोल्ड यांनी १९४८मध्ये वेगळी वाट सुचवली होती. विश्व प्रसरण पावतंय हे खरं, पण त्याला सुरुवात नाही आणि शेवटही नाही. दीर्घिका पांगतात तशी मधल्या जागेत नवं द्रव्य निर्माण होतं, त्यातून नव्या दीर्घिका घडतात आणि एकंदर घनता कायम राहते. गावात म्हातारी माणसं जातात, पोरं जन्माला येतात, पन्नास-साठ वर्षांत बहुतेक चेहरे बदलतात, तरी खानेसुमारीचा आकडा मात्र तोच भरतो, तसं काहीसं. याला स्थिर स्थितीचं विश्व म्हणतात.

नवं द्रव्य निर्माण होतं हे ऐकायला विचित्र वाटतं. पण त्याचा वेग बघा: एका घनमीटर जागेत साधारण शंभर कोटी वर्षांत हायड्रोजनचा एखादा अणू. कुठल्याही प्रयोगशाळेत हे पकडता येणार नाही. राहिला ऊर्जेच्या हिशेबाचा प्रश्न. त्यासाठी हॉईल आणि नारळीकरांनी ऋण ऊर्जा असलेल्या एका क्षेत्राचं गणित मांडलं. द्रव्य जन्मतं तेव्हा तितकीच ऋण ऊर्जा या क्षेत्रात जमा होते आणि एकूण बेरीज बदलत नाही. त्या वेळी अनेकांना ही पळवाट वाटली. गंमत अशी की १९८०नंतर महास्फोटाच्या बाजूच्या शास्त्रज्ञांनी विश्वाच्या अतिवेगवान प्रसरणाचं जे चित्र रंगवलं, त्यातही असंच एक न दिसणारं क्षेत्र सगळं काम करतं.

या सिद्धांताची मला आवडणारी बाजू म्हणजे तो स्वतःच आपली मान पुढे करतो. प्रकाशाला प्रवासाला वेळ लागतो, त्यामुळे लांबचं पाहणं म्हणजे जुन्या काळातलं पाहणं. महास्फोट खरा असेल तर खूप लांबचं विश्व जवळच्यापेक्षा वेगळं दिसेल. स्थिर स्थिती खरी असेल तर ते सारखंच दिसायला हवं. फरक दिसला की सिद्धांत गेला.

केंब्रिजमध्येच मार्टिन राईल हे मोजत होते. त्यांच्याकडे आकाशातल्या रेडिओ-स्रोतांची, म्हणजे रेडिओ लहरी सोडणाऱ्या वस्तूंची, यादी होती. सगळे स्रोत एकाच ताकदीचे आणि जागेत सारखे पसरलेले आहेत असं धरा. दुप्पट अंतरापर्यंत पाहिलं की आकारमान आठपट होतं, म्हणजे स्रोत आठपट सापडायला हवेत. दुप्पट अंतरावरचा स्रोत मात्र चौपट मंद दिसतो. तेव्हा चौपट मंद स्रोतांपर्यंत मोजणी नेली तर संख्या आठपट व्हावी. स्थिर स्थितीच्या, प्रसरण पावणाऱ्या विश्वात ती आठपटीहून थोडी कमीच भरते. राईल यांना ती जास्त भरली. मंद, म्हणजे लांबचे, म्हणजे जुने स्रोत अपेक्षेपेक्षा पुष्कळ निघाले. पूर्वीचं विश्व वेगळं होतं, असा याचा अर्थ. १९६१च्या फेब्रुवारीत राईल यांनी हे जाहीर केलं आणि वृत्तपत्रांनी स्थिर स्थितीचा मृत्युलेखही लिहून टाकला.

रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत उत्तर द्यायचं होतं. हॉईल दुसरीकडे बांधलेले होते, म्हणून त्यांनी आपल्या विद्यार्थ्याला उभं केलं. नारळीकर तेव्हा २२ वर्षांचे होते. गुरू-शिष्यांचं उत्तर असं होतं: दीर्घिका जागेत सारख्या पसरलेल्या आहेत हे गृहीतच चुकीचं असू शकतं. सुमारे सोळा कोटी प्रकाशवर्षांच्या मापाचे दीर्घिकांचे मोठाले पुंजके आणि मधल्या पोकळ्या असतील, आणि आपण एखाद्या पोकळीत असू, तर जवळचे स्रोत कमी दिसतील आणि लांबचे आपोआप जास्त वाटतील. त्यांनी संगणकावर अशी खोटी विश्वं तयार करून आकडे काढून दाखवले. एवढे मोठे पुंजके असतात यावर त्या वेळी बहुतेकांचा विश्वास नव्हता. आज ते नकाशांवर आहेत. मात्र पुढच्या मोजण्यांत राईल यांचा मूळ मुद्दा टिकला. पुंजक्या-पोकळ्यांच्या बाबतीत हरलेली बाजू बरोबर निघाली आणि तरीही वाद हरली. विज्ञानात असं होतं.

आता हॉईल-नारळीकर सिद्धांताकडे येऊ. हा स्थिर स्थितीच्या सिद्धांताहून वेगळा आहे, दोन्हींची गल्लत नेहमी होते.

आयुकाच्या मुख्य इमारतीत एक फूकोचा लंबक आहे. उंचावर टांगलेला जड गोळा आपल्या लयीत झुलत असतो आणि त्याच्या झुलण्याची दिशा हळूहळू वळत जाते. ध्रुवावर ती एका दिवसात पूर्ण फिरते, पुण्याच्या अक्षांशावर एक फेरा पुरा व्हायला सुमारे ७५ तास लागतात. वळते आहे ती खरं तर खालची जमीन. गोळा आपली दिशा सोडत नाही. पण ही दिशा तो कशाशी धरून ठेवतो? दूरच्या तारे-दीर्घिकांशी, असं मोजमाप सांगतं. पुण्यातल्या एका लोखंडी गोळ्याला कोट्यवधी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकांचा पत्ता कसा लागतो?

न्यूटनचं म्हणणं, तो निरपेक्ष अवकाशाशी जुळवून घेतो. एकोणिसाव्या शतकात एर्न्स्ट माख यांना हे पटलं नाही. त्यांचा विचार असा की वस्तूचं जडत्व, म्हणजे हलवायला गेलं की विरोध करण्याचा तिचा गुण, विश्वातल्या बाकीच्या सगळ्या द्रव्यामुळे येतो. बाकीचं विश्व काढून टाकलं तर जडत्वाला अर्थच उरणार नाही. आइन्स्टाइनला ही कल्पना फार आवडली होती, पण त्याच्या व्यापक सापेक्षता सिद्धांतात ती पूर्णपणे बसली नाही. आइन्स्टाइनची समीकरणं रिकाम्या विश्वातल्या एकट्या कणालाही वस्तुमान खुशाल बहाल करतात.

हॉईल आणि नारळीकरांनी नेमकं हेच बदललं. त्यांच्या सिद्धांतात प्रत्येक कणाचं वस्तुमान म्हणजे विश्वातल्या इतर सर्व कणांनी दिलेल्या वाट्यांची बेरीज. एकटा कण, वस्तुमान शून्य. कण पुष्कळ असले, म्हणजे आपल्या विश्वासारखी स्थिती असली, की त्यांची समीकरणं आइन्स्टाइनच्या समीकरणांशी जुळतात. म्हणून सूर्यमालेत दोन्हींची उत्तरं सारखीच येतात. गुरुत्वाकर्षण नेहमी ओढतंच, ढकलत का नाही, याचंही उत्तर त्यांच्या मांडणीतून आपोआप निघतं. ‘आइन्स्टाइनला खोटं ठरवलं’ असे मथळे तेव्हा भारतात छापले गेले असतील तर ते चूक होते. त्यांनी आइन्स्टाइनच्या खाली आणखी एक पाया घालायचा प्रयत्न केला.

जून १९६४मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत हे काम मांडलं गेलं. तिथे केंब्रिजचे विश्वशास्त्रज्ञ डेनिस शियामा यांचा २२ वर्षांचा एक विद्यार्थी उठला आणि म्हणाला, तुम्ही करता ती बेरीज अनंत येते. हा विद्यार्थी म्हणजे स्टीफन हॉकिंग. मुद्दा असा होता: या सिद्धांतात कणांचा परिणाम एकमेकांवर भूतकाळातून तसाच भविष्यातूनही पोचतो, आणि प्रसरण पावणाऱ्या विश्वात भविष्याकडून येणारे वाटे जोडत गेलं तर बेरीज आवरत नाही. हॉकिंगना गणितं आधीच पाहायला मिळाली होती, कारण नारळीकरांनी ती शेजारधर्माने दाखवली होती. हॉकिंगच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण याच आक्षेपावर आहे. हॉईल-नारळीकरांनी पुढे आपल्या परीने उत्तरं दिली, बहुतेकांचं समाधान झालं नाही.

भारतात मात्र नारळीकर एका रात्रीत घराघरांत पोचले. १९६५मध्ये पद्मभूषण मिळालं तेव्हा ते २६ वर्षांचे होते. आणि त्याच वर्षी स्थिर स्थितीवर सर्वांत जबर घाव बसला. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेच्या आर्नो पेंझियस आणि रॉबर्ट विल्सन यांच्या अँटेनात सर्व दिशांनी सारखीच एक खरखर येत होती. तपमानाच्या भाषेत ती निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे २.७ अंश भरते. तप्त सुरुवातीची ही उरलेली ऊब, असा अर्थ लावला गेला आणि तो महास्फोटाच्या चित्रात अगदी चपखल बसला. बहुसंख्य शास्त्रज्ञ त्या बाजूला गेले.

नारळीकर गेले नाहीत. हटवादीपणा म्हणून सोडून देण्याआधी त्यांचं म्हणणं ऐकायला हवं. ज्या क्षणी भौतिकीचे सगळे नियम कोलमडतात असा एक क्षण मूळ धरायचा आणि त्याची तपासणी कधीच करता येणार नाही हेही मान्य करायचं, हे त्यांना विज्ञानाच्या चौकटीत बसणारं वाटत नव्हतं. पुढे महास्फोटाचं गणित जुळवायला अदृश्य द्रव्य आलं, मग अदृश्य ऊर्जा आली. आजच्या प्रमाण मांडणीत आपल्या ओळखीचं द्रव्य जेमतेम पाच टक्के आहे. उरलेलं काय आहे ते ठाऊक नाही. १९९८मध्ये विश्वाचं प्रसरण वेग घेतंय असं दिसलं तेव्हा नारळीकरांनी आठवण करून दिली की स्थिर स्थितीच्या विश्वात प्रसरणाचा वेग वाढताच असतो.

पण पर्याय काय? १९९३मध्ये हॉईल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकरांनी सुधारलेली आवृत्ती आणली. द्रव्य एकसारखं न झिरपता दीर्घिकांच्या गाभ्यांसारख्या जागी स्फोटांतून निर्माण होतं, आणि विश्व काही हजार कोटी वर्षांच्या आवर्तनांत फुगतं-आकसतं. २.७ अंशांची ऊब म्हणजे मागच्या आवर्तनांतल्या ताऱ्यांचा प्रकाश, अवकाशात पसरलेल्या मिलिमीटरभर लोखंडी सुयांसारख्या धुळीने शोषून पुन्हा सोडलेला. मग महास्फोटाच्या वयाहून कितीतरी म्हातारे तारे सापडायला हवेत, असं भाकीतही त्यांनी केलं. तसे तारे निर्विवादपणे सापडलेले नाहीत. त्या उबेतल्या बारीक चढउतारांचा उपग्रहांनी काढलेला नकाशा महास्फोटाच्या गणिताशी ज्या नेमकेपणाने जुळतो, त्यापुढे लोखंडी सुया ठिगळासारख्या दिसतात. मला स्वतःला नारळीकरांची टीका फार पटते, त्यांचा पर्याय कमी पटतो.

१९७२मध्ये ते मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतले. सोबत पत्नी मंगला, त्या स्वतः गणितज्ञ. इथून कारकिर्दीची दुसरी बाजू सुरू होते, आणि तिचीही सुरुवात एका चाचणीने झाली. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी वाचा. आपल्या नावामुळे परीक्षकांचं मत झुकू नये म्हणून पद्मभूषण मिळालेल्या माणसाने टोपणनावाने स्पर्धेत उतरावं, हे मला त्यांच्या अनेक पुरस्कारांपेक्षा जास्त बोलकं वाटतं.

१९८८मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने, यशपाल अध्यक्ष असताना, पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका स्थापन केली. नारळीकर संस्थापक संचालक, नरेश दधीच आणि अजित केंभावी सुरुवातीपासूनचे सहकारी. कल्पना साधी होती: विद्यापीठांतल्या प्राध्यापकांकडे ग्रंथालय नाही, संगणक नाही, चर्चा करायला माणूस नाही. त्यांनी सुट्टीत इथे यावं, काम करावं आणि परत जाऊन शिकवावं. २००३पर्यंत नारळीकर संचालक होते. इतक्या वर्षांत त्यांनी आयुकाला महास्फोटविरोधी गड बनवलं नाही. त्यांचेच विद्यार्थी थानू पद्मनाभन, तसेच वरुण साहनी, तरुण सौरदीप ही मंडळी प्रमाण विश्वशास्त्रात काम करत राहिली. संजीव धुरंधर तिथेच गुरुत्वीय लहरी ओळखण्याच्या पद्धतींवर काम करत होते, प्रत्यक्ष लहर २०१५मध्ये सापडण्याच्या कितीतरी आधीपासून. संचालकाचं मत एक आणि संस्थेचं काम अनेक मतांचं, असं चित्र आपल्याकडे किती ठिकाणी दिसतं?

वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या आयुकाच्या आवारात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं सुरू झाली. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली, तिथे अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवलं. व्याख्यानानंतर स्वाक्षरीसाठी गराडा पडला की नारळीकर वहीवर सही करत नसत. पोस्टकार्डावर मला एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर देईन, त्याखाली सही असेल, असं सांगत. पत्रं आली आणि उत्तरं गेली. १९९६मध्ये युनेस्कोचा कलिंग पुरस्कार त्यांना मिळाला, विज्ञान लोकांपर्यंत नेण्यासाठी.

२००१मध्ये नारळीकरांच्या पुढाकाराने, इस्रोच्या मदतीने हैदराबादहून सोडलेल्या फुग्याने ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा केली, त्यात जिवंत सूक्ष्मजीव निघाले. जीवसृष्टी अवकाशातून आली असावी असं हॉईल आणि चंद्रा विक्रमसिंघे म्हणत, त्याची ही एक तपासणी. ते जीव वरून आले की खालून गेले हे यातून ठरत नव्हतं, म्हणून पुन्हा फुगा सोडला गेला. दुसऱ्या फेरीत जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या, एकीला हॉईल यांचं नाव दिलं गेलं.

त्याच २००१च्या सुमारास विद्यापीठांत फलज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचा प्रस्ताव आला. नारळीकरांनी जाहीर विरोध केला, पण टीकेवर थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. २००८मध्ये त्यांनी संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह एक चाचणी आखली. २०० मुलांच्या जन्मवेळा जमवल्या: १०० अभ्यासात हुशार, १०० बौद्धिकदृष्ट्या अक्षम. सगळ्यांच्या पत्रिका मांडल्या आणि ज्योतिषांना आवाहन केलं की प्रत्येकाला ४० पत्रिका मिळतील, कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते सांगा. नाणं उडवून २० बरोबर येतील. २८ आली तर मानू, कारण निव्वळ नशिबाने तेवढी येण्याची शक्यता शंभरात एकही नाही. ५१ जणांनी तयारी दाखवली, २७ जणांनी उत्तरं पाठवली. सर्वांत चांगला निकाल २४ होता आणि सरासरी ४६ टक्के. एका ज्योतिष संस्थेने तर २००च्या २०० पत्रिका मागून घेतल्या होत्या. त्यांची १०२ उत्तरं बरोबर आली.